चक्की टाकायची आहे, ५१ हजार भरू का?

वाचक लिहितात: "मी इंदूरला सुदामा नगरमध्ये राहते. वय ४३. मिस्टरांची पीथमपूरच्या कारखान्यातली नोकरी मार्चमध्ये सुटली, मुलगी बारावीला आहे. घराची रस्त्याकडची १० बाय १४ची खोली रिकामी आहे, तिथे पिठाची चक्की टाकावी असं मनात आहे. एका मशीनवाल्याने २ लाख ४० हजारांचं कोटेशन दिलंय. महिन्याला ५० हजार सुटतील, गिऱ्हाईक नाही मिळालं तर पीठ आम्हीच विकत घेऊ, असं तो म्हणतो. महिनाअखेरपर्यंत ५१ हजार भरले तरच हा भाव. त्यासाठी मी पाटल्या मोडायला तयार आहे. दीर म्हणतात, घरोघरी घरघंट्या आल्यात, आता चक्कीवर कोण येतं? सासूबाईंना लोकांची दळणं दळणं पटत नाही. आमच्या गल्लीच्या टोकाला एक चक्की आहे, पण ते काका सत्तरीचे आहेत, कधी उघडतात कधी नाही. काय करू?" – वृंदा (नाव बदललं आहे)

वृंदाताई,

तुमचं पत्र रात्री वाचलं आणि सकाळी उठून पुन्हा वाचलं. ज्या प्रश्नाला तारीख लागलेली आहे त्याचं उत्तर आधी देते. ५१ हजार भरू नका. पाटल्या कपाटात राहू द्या. महिनाअखेर उलटून गेली तरी मशीनं मिळतात. इंदुरात ती विकणारी डझनभर दुकानं आहेत आणि आज सांगितलेला भाव पुढच्या महिन्यात घासाघीस करून पुन्हा मिळतो.

चक्की टाकू नका, असं मात्र मी म्हणत नाहीये. मला तर वाटतं तुम्ही टाकावी. फक्त मशीनपासून सुरुवात करू नका.

"पीठ आम्हीच विकत घेऊ" हे वाक्य ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो. माझ्या चुलत भावाने असंच एक मशीन घेतलं होतं, पापडाचं. पहिल्या महिन्यात माल उचलला, पैसेही दिले. दुसऱ्या महिन्यात माल पातळ आहे म्हणून परत पाठवला. तिसऱ्या महिन्यात फोन लागेना. मशीन अजून त्याच्या माडीवर प्लास्टिक पांघरून उभं आहे. थोडा विचार करा. ज्याला खरोखर पीठ हवंय, तो मोठ्या फ्लोअर मिलमधून पोत्यांनी घेईल. तुमच्या १० बाय १४च्या खोलीत दळलेलं पीठ त्याला त्याहून स्वस्त कसं पडेल? त्या मशीनवाल्याला सांगा की हे स्टॅम्पपेपरवर लिहून द्या, किती किलो, कोणत्या भावाने, किती महिने. तो काय उत्तर देतो ते ऐका.

आता ५० हजारांचा हिशेब आपण दोघी मांडू. यातले आकडे मी समजुतीसाठी धरलेत, तुम्ही तुमच्या गल्लीतले घाला. समजा चौघांच्या घराला महिन्याला १५ किलो गहू दळून लागतो आणि दळणावळ किलोला ५ रुपये आहे. एका घरामागे महिन्याला ७५ रुपये आले. चाळीस घरं गिऱ्हाईक म्हणून बांधली तरी ३,००० रुपये. दोनशे घरं आली तर १५,०००. त्यातून वीज वजा करा. साडेसात हॉर्सपॉवरची मोटर पूर्ण भाराने तासभर चालली तर साधारण साडेसहा युनिटं खाते. तासाला ६० किलो पीठ पडलं असं धरा, म्हणजे दोनशे घरांचं ३,००० किलो दळायला पन्नास तास आणि सव्वातीनशे युनिटं. युनिटला ९ रुपये धरले तर २,९०० रुपयांच्या वर. शिवाय स्थिर आकार, पट्टा, बेअरिंग, दगडाची टाकी (म्हणजे गुळगुळीत झालेला दगड छिन्नीने पुन्हा खरखरीत करणं), कधी मदतीला पोरगा. हातात दहा-अकरा हजार उरले तर चांगला महिना समजायचा, आणि त्यातून कर्जाचा हप्ता अजून जायचाच आहे.

म्हणजे नुसत्या गव्हाच्या दळणावर ५० हजार उभे राहत नाहीत. जो तसं सांगतो तो एक तर कधी चक्कीवर बसलेला नाही, नाही तर तुम्हाला फसवतोय.

मी हे एवढ्या ठामपणे लिहिते त्याला कारण आहे. माझ्या वडिलांची मल्हारगंजात चक्की होती आणि आमचं घर तिच्या मागच्या खोलीत होतं. शाळेतून आल्यावर दप्तर ठेवायचं आणि काट्यावर बसायचं, हे माझं काम. वडील दळण चालू असताना पिठाच्या धारेखाली हात धरायचे आणि चिमूटभर पीठ अंगठा न् तर्जनीमध्ये चोळायचे. डोळे दुसरीकडेच असायचे, बहुतेक रस्त्यावर. मग न बघता चाकाला एवढासा हिसका द्यायचे, दगड जवळ यायचे, आवाज बदलायचा. पीठ हाताला कोमट लागलं तर ठीक, चटका लागला तर लगेच धान्याची धार कमी. पीठ करपलं की पोळी गोड लागत नाही, हे त्यांना दळणाला आलेल्या काकूंच्या तक्रारीच्या आधी बोटांनी कळायचं. हे मी तुम्हाला कागदावर शिकवू शकत नाही. तुमच्या गल्लीच्या टोकाचे काका शिकवू शकतात. त्यांच्याकडे मी पुढे येते.

दिरांचं म्हणणं अर्धं खरं आहे. घरघंट्या आल्या आहेत आणि राहणार आहेत. पण घरघंटी घेतलेल्या चार घरांत जाऊन विचारा की तिच्यात काय दळत नाहीत. कुणी म्हणेल, दुपारी लावली की आवाजाने बाळ उठतं. कुणी म्हणेल, भाजणी घातली की वास जात नाही. लग्नाघरी वीस किलोचं बेसन कोण घरघंटीत काढत बसेल? आपल्या माळव्यात तर बाफल्याचं, म्हणजे कणकेच्या उकडून भाजलेल्या गोळ्यांचं, पीठ आहेच. रविवारी सकाळी आमच्या दारात डबा आपटून म्हणायचे, "मोटा पीसना भैया, बाफले का है." बाफल्याला बारीक पीठ चालत नाही, ते रवाळ लागतं, मुठीत दाबलं तर गोळा धरून राहील आणि सोडलं की फुटेल असं. जो चक्कीवाला ते नेमकं काढतो त्याच्याकडे लांबूनही लोक येतात.

तुमच्याकडे आणखी एक गोष्ट आहे. ती त्या मशीनवाल्याला माहीत नाही आणि तुम्हीही पत्रात एका शब्दाने लिहिली नाही. सुदामा नगर, लोकमान्य नगर, राजेंद्र नगर, रामबाग या भागांत मराठी घरं भरपूर आहेत. त्या घरांना थालिपिठाची भाजणी लागते, चकलीची लागते, उपासाची लागते. मेतकूट लागतं. गणपतीत उकडीच्या मोदकांना तांदळाची पिठी लागते, संक्रांतीला बाजरी. बेसनाच्या लाडवांना जाडसर बेसन लागतं, दुकानातल्या पाकिटाचं बारीक असतं, त्याचा लाडू टाळूला चिकटतो. सत्तरीच्या सासूबाईंना भाजणी येते पण आता भाजायला उभं राहवत नाही, आणि सुनेला नोकरीतून वेळ नाही. या दोघींच्या मधल्या जागेत तुमचा धंदा आहे.

भाजणीत दळणावळीपेक्षा बरंच जास्त सुटतं, कारण गिऱ्हाईक तुमच्या हाताचे पैसे देतं. पण मेहनतही तशीच आहे. चकलीची भाजणी बहुतेक घरांत चार-दोन-एक अशी करतात. चार वाट्या तांदूळ, दोन हरभऱ्याची डाळ, एक उडदाची, वर धने-जिरे. धुऊन सावलीत सुकवायचं, प्रत्येक धान्य वेगळं भाजायचं, मंद आचेवर. डाळीबरोबर तांदूळ टाकलात तर एक करपतं आणि दुसरं कच्चं राहतं. आणि भाजलेलं पूर्ण गार झाल्याशिवाय दळायचं नाही. गरम दळलं की पिठात दमटपणा राहतो, पंधरा दिवसांत खवट वास येतो आणि मग ते गिऱ्हाईक कायमचं जातं.

म्हणून माझा पहिला सल्ला हा. यंदाच्या दिवाळीआधी मशीन न घेता धंदा सुरू करा. घरी दहा किलो भाजणी भाजा, टोकाच्या काकांकडे दळून आणा, अर्ध्या-अर्ध्या किलोने ओळखीच्या घरांत विका. पैसे घ्या, फुकट वाटू नका. फुकटचं पीठ सगळ्यांनाच आवडतं, त्यातून काही कळत नाही. कोण दुसऱ्यांदा मागतं, ते वहीत लिहा.

त्याच वहीत दुसरा हिशेब. तीस दिवस, काकांच्या चक्कीवर रोज किती डबे येतात ते मोजा. सकाळी किती, संध्याकाळी किती, चक्की बंद बघून किती परत गेले. परत गेलेले डबे सगळ्यात महत्त्वाचे, कारण तुमचं पहिलं गिऱ्हाईक तेच. हे चोरून करू नका. काकांना जाऊन सरळ सांगा, "काका, मला चक्की शिकायची आहे, महिनाभर तुमच्याकडे बसू का?" सत्तरीचा माणूस ज्याची वाट बघत असतो असा हा प्रश्न आहे. त्यांचं पुढे चालवणारं घरात कुणी नसेल तर तुमच्या २ लाख ४० हजारांचा प्रश्न वेगळ्याच रीतीने सुटेल. त्यांचं मशीन, किंवा निदान त्यांची गिऱ्हाइकं, समजुतीने तुमच्याकडे येऊ शकतात. आणि त्यांना चक्की चालूच ठेवायची असेल, तर त्यांच्या शेजारी दुसरी टाकून त्यांचं म्हातारपण अवघड करू नका. मग तुम्ही भाजणीवर आणि तयार पिठांवर उभ्या राहा आणि गव्हाचं दळण त्यांच्याकडेच पाठवा.

तिथे बसाल तेव्हा काय बघायचं ते सांगते.

धान्य संपत आलं की काका दगड कसे सैल करतात ते बघा. रिकामे दगड एकमेकांवर घासले की दगडाचा भुगा पिठात उतरतो आणि पोळी दाताखाली कचकचते. नव्या दगडावर किंवा टाकी लावल्यावर पहिले काही किलो भरड धान्य दळून ते फेकून द्यावं लागतं. गायीलाही घालू नका, त्यात कच असते. पिठाच्या तोंडाशी जी कापडी बाही बांधलेली असते ती प्रत्येक दळणानंतर काठीने झटकायची. झटकली नाही तर एकाचं पाव-अर्धा किलो पीठ दुसऱ्याच्या डब्यात जातं. आमच्याकडे गिऱ्हाइकाचा जीव त्या बाहीत अडकलेला असायचा. काकू स्वतः उठून टपली मारायच्या, "अजून आहे त्यात." त्या मारायच्या आत आपण मारावी.

हॉपरमध्ये, म्हणजे वरून धान्य ओततात त्या पेटीत, लोहचुंबक ठेवा. गव्हात खिळा, तार, पोत्याची पिन निघते, ती दगडात गेली तर दगड जातो आणि ठिणगी पडते. पिठाच्या धुळीत ठिणगी नको.

धान्याचा क्रम पाळायचा. आधी गहू, मग ज्वारी-बाजरी, बेसन शेवटी, आणि भाजणी कधीच मधे नाही. धन्या-जिऱ्याचा वास दगडात बसतो आणि पुढच्या घरच्या पोळीला येतो. आमच्याकडे भाजणीचा वार ठरलेला होता, शनिवारी संध्याकाळी, गव्हाचं सगळं दळण उरकल्यावर. भाजणी संपली की भरड ज्वारी घालून दगड धुऊन काढायचे. उपासाचं त्याहून जपून. राजगिरा आणि वरई, जिला इथले दुकानदार मोरधन म्हणतात, यात गव्हाचा कण गेला तर उपास मोडला म्हणून माणूस हळहळतो. आषाढी, नवरात्र, महाशिवरात्र यांच्या आधी एक दिवस फक्त उपासाचं दळण ठेवा आणि तसा फळा लावा. जमलं तर पुढे भाजणीसाठी वेगळं छोटं यंत्र घ्या. माझ्या मते तुमचं दुसरं मशीन तेच असावं.

वजन समोर करा, येताना आणि जाताना. दळताना धान्यातला थोडा ओलावा उडतो, थोडी धूळ होते, त्यामुळे पीठ गव्हापेक्षा जरा कमी भरतंच. हे पहिल्या दिवशी तोंडाने सांगितलं तर ती तूट असते, नंतर सांगितलं तर ती चोरी वाटते. जमिनीवरचं झाडण वेगळ्या पिंपात, ते कुणाच्याही डब्यात नाही.

आपल्या इंदुरात एप्रिल-मेमध्ये वर्षाचे गहू भरायची पद्धत अजून आहे, त्यामुळे कोठीतला गहू तुमच्याकडे येईल. एरंडेल चोळलेला गहू दगडाला चिकटतो, तो थोडा थोडा सोडावा लागतो. पावसाळ्यात गहू नरम पडतो. दाताखाली दाणा कट्कन फुटला पाहिजे, दबला तर "दोन दिवस ऊन दाखवून आणा" म्हणून परत पाठवा. गिऱ्हाईक परत पाठवताना जीवावर येतं, पण ओला गहू दगड चोंदवतो आणि नाव तुमचं खराब होतं. किडीच्या विषारी गोळ्या टाकलेलं धान्य कुणी आणलं तर घेऊच नका, तो डबा दुकानातही ठेवून घेऊ नका.

स्वतःचं पीठ विकाल तेव्हा गहू छावणी किंवा लक्ष्मीबाई नगरच्या मंडीतून हंगामात घ्या, आणि जो गहू आहे तेच नाव लिहा. इंदुरी घरांत रोजच्या पोळीला लोकवन चालतो. हे नाव 'लोक-१' या वाणावरून आलं, तो गुजरातेत सणोसऱ्याच्या लोकभारतीत तयार झाला. शरबती महाग. सिहोर-विदिशाच्या शरबतीला २०२३मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून तर वाटेल त्या चमकदार गव्हाला लोक शरबती म्हणतात. तुम्ही म्हणू नका. बाफल्याला आणि रव्याला कठिया, म्हणजे ड्युरम गहू. पोळीत तो जास्त घातला तर पोळी कडक होते. बेसनाची हरभरा डाळ अख्खी घ्या, डोळ्यांनी बघून. स्वस्त चुरीत तिवडा मिसळलेला असू शकतो. लाखेची डाळ म्हणतात ती हीच, आणि ती सतत पोटात गेली तर माणसाचे पाय जातात.

मशीनबद्दल. कागदावर ताशी किती किलो लिहिलंय त्याला भुलू नका. स्वतःचे वीस किलो गहू घेऊन जा आणि तुमच्यासमोर दळायला सांगा. घड्याळ लावा, शेवटच्या पाच किलोंचं पीठ हातात घेऊन किती गरम आहे बघा, घरी पोळ्या करा. १० हॉर्सपॉवरची घाई नको. वीज कंपनीचा स्थिर आकार मंजूर भारावर लागतो, मशीन बंद असलं तरी. टाकी लावणारा माणूस इंदुरात कोण आहे, सुटे भाग कुठे मिळतात, हे विकत घेण्याआधी विचारा. माझ्या वडिलांनी एकदा बाहेरगावचं स्वस्त मशीन आणलं. त्याचं बेअरिंग यायला एकवीस दिवस लागले आणि त्या एकवीस दिवसांत तीस-पस्तीस घरं शेजारच्या चक्कीवर गेली. अर्धी परत आली नाहीत.

वीज घरगुती मीटरवर चालवू नका. थ्री-फेजचं वेगळं कनेक्शन घ्या आणि अर्ज करताना वर्ग नीट बघा. मध्य प्रदेशच्या वीजदर आदेशात आटा चक्की आणि मसाला चक्की लघुदाब औद्योगिक वर्गात, एलव्ही-४ मध्ये येतात. दुकान आहे म्हणून कुणी तुम्हाला व्यावसायिक वर्गात टाकलं तर तिथेच विचारा. खोलीची भिंत शेजाऱ्यांशी सामाईक असेल तर मशीन त्या भिंतीपासून लांब, जाड रबरी पॅडवर, वेगळ्या पायावर बसवा. रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल अशी आवाजाची मर्यादा आहे. तुमची मुलगी बारावीला आहे, हेही त्यात धरा. मी अभ्यास चक्कीच्या आवाजात केला, पण परीक्षेच्या महिन्यात वडील संध्याकाळी सातला मशीन बंद करायचे. तेवढं गिऱ्हाईक ते सोडून द्यायचे.

कागदपत्रांत अवघड काही नाही. नगर निगमचं ट्रेड लायसन्स, अन्न सुरक्षेची म्हणजे एफएसएसएआयची नोंदणी (चौदा अंकी नंबर मिळतो, तो भिंतीवर लावायचा), आणि उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंद. उद्यम फुकट आहे, तिचे पैसे मागणारा दलाल असतो. भाजणीची पाकिटं करून विकाल तर त्यावर वजन, किंमत, तारीख, पत्ता, नंबर छापावा लागेल. आधीच पाकीटबंद करून लेबल लावलेल्या पिठावर जुलै २०२२पासून ५ टक्के जीएसटी आहे. सुट्या पिठावर नाही. पण माल विकणाऱ्याची वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत असेपर्यंत नोंदणीच लागत नाही, म्हणून आत्ता त्याचं ओझं घेऊ नका.

पैशांचं बोलू. पाटल्या मोडायच्या आधी सरकारी दार ठोठावा. पंतप्रधान रोजगार निर्मिती योजनेत शहरातल्या बाईला प्रकल्पाच्या २५ टक्के अनुदान आणि स्वतःचे फक्त ५ टक्के, असा नियम आहे. सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांची दुसरी योजना आहे, तिच्यात ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख. या योजना मुदतीच्या असतात, तेव्हा आज काय चालू आहे ते जिल्हा व्यापार व उद्योग केंद्रात स्वतः जाऊन विचारा. दोन गोष्टी लक्षात ठेवा. रोजगार योजनेतलं अनुदान हातात रोख मिळत नाही, ते बँकेत तुमच्या नावाने तीन वर्षं अडकवून ठेवतात आणि मग कर्जात वळतं. आणि कर्ज मंजूर व्हायच्या आत मशीन घेतलंत, तर घेतलेल्या मशीनवर अनुदान मागणं कठीण होतं. तुमचे ५१ हजार थांबवण्याचं हेही एक कारण.

आता सासूबाई. त्यांना दुखवू नका, त्यांचं म्हणणं कुठून येतं ते मला कळतं. माझ्या आजीलाही सुरुवातीला लाज वाटायची की मुलगा दुसऱ्यांचं दळण दळतो. आजी स्वतः पहाटे जात्यावर बसलेली बाई, दुसऱ्याच्या घरचं दळायला जाणं म्हणजे काय परिस्थितीत जाणं हे तिने पाहिलेलं. तिला कुणी समजावलं नाही. एका दिवाळीत वडिलांनी भाजणीचं घमेलं तिच्यापुढे ठेवलं आणि विचारलं, "आई, उडीद कमी झालाय का?" तिने चिमूट तोंडात टाकली, "धने जास्त भाजलेस" म्हणाली, आणि त्या दिवसापासून भाजणी तिच्या हातची झाली. गिऱ्हाईक तिच्या नावाने मागायचं. तुमच्या सासूबाईंना येत असेलच. पहिल्या दहा किलोंची भाजणी त्यांना विचारून करा. खरोखर विचारून करा, मन राखायला म्हणून नको, कारण त्यांना तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त कळतं.

आणि मिस्टरांना यात घ्या. तुमच्या पत्रात ते फक्त नोकरी सुटलेले आहेत. कारखान्यात काम केलेल्या माणसाला मोटर, पट्टा, बेअरिंग यांची भीती नसते. मशीन त्यांच्याकडे, भाजणी आणि काटा तुमच्याकडे, अशी वाटणी मला दिसते.

शेवटी एक गोष्ट, जी मी कुणालाही सांगताना माझा आवाज बदलतो. पट्टा. मोटरपासून दगडापर्यंत जो पट्टा फिरतो त्याला लोखंडी जाळी हवी, चारी बाजूंनी, पहिल्या दिवसापासून. आमच्या चक्कीत एक बाई कामाला होत्या, आम्ही त्यांना मावशी म्हणायचो. वाकून पीठ भरताना पदर पट्ट्यात गेला. वडील दोन हातांवर होते, त्यांनी स्विच मारला. मावशी वाचल्या, पण उजव्या हाताची तीन बोटं गेली. जाळी केली होती, साफसफाईसाठी काढली होती आणि नंतर लावू म्हणून भिंतीला टेकवून ठेवली होती. वडिलांनी त्यानंतर वीस वर्षं रोज सकाळी स्टार्टर दाबायच्या आधी त्या जाळीला हात लावून बघितला. त्यांना शेवटी पिठाच्या धुळीचा दमा झाला, तेव्हा नाकावर फडकं आणि खोलीला एग्झॉस्ट पंखा हेही त्याच यादीत धरा. मशीनवर काम करताना साडी नको, ओढणी नको, केस बांधलेले. स्टार्टर हाताच्या अंतरावर.

तीस दिवसांची वही झाली की मला पाठवा. रोज किती डबे आले, किती परत गेले, भाजणी कुणी दुसऱ्यांदा मागितली. ती वही समोर ठेवून कोणतं मशीन घ्यायचं ते आपण ठरवू, आणि कोटेशनमध्ये पट्ट्याची जाळी धरली आहे की नाही, हे पहिल्यांदा बघू.